शेवटचा हात, पहिला दोष

आमच्या घरात ‘हात’ या शब्दाला दोन अर्थ होते. एक सगळ्यांच्या घरात असतो तो. दुसरा पप्पांच्या धंद्यातला. प्रायमरचा एक हात, लांबीचे दोन हात, मग रंगाचे दोन हात. पप्पा गेली तीसेक वर्षं पुण्यात पेंटर आहेत. गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन, पीओपीवाले, फरशीवाले निघून गेले की पेंटर आत येतो. घरावर शेवटचा हात त्याचा. आणि भिंतीत काही चुकलेलं दिसलं, तर पहिला दोषही त्याचाच.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पप्पांनी एका ऑफिसच्या आतल्या भिंती रंगवल्या होत्या. भिंती जिप्सम बोर्डाच्या, दुसऱ्याच लोकांनी उभ्या केलेल्या. दोन महिन्यांत सांध्यांवरून सरळ उभे तडे गेले. ठेकेदाराने फोनवर एवढंच सांगितलं, “रंग फाटलाय, पैसे कापणार.” राहिलेलं बिल बुडालं. त्या पैशांवर माझी परीक्षेची फी ठरली होती, म्हणून ती घटना माझ्या लक्षात राहिली. नाहीतर असं दरवर्षी व्हायचं. मी रागाने विचारलं, “काम घ्यायच्या आधी भिंत खराब आहे असं लिहून का नाही घेतलं?” पप्पा म्हणाले, “अगं, लिहून कोण देतं आपल्याला?”

आज मी बांधकाम मजुरांवर पीएचडी करते आहे. माझा सगळा प्रबंध म्हणजे पप्पांच्या त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे, असं कधीकधी वाटतं.

आधी भिंतीचं समजून घेऊ. ज्यांच्या घरात कुणी या कामात नाही त्यांना ‘रंग फाटला’ हे वाक्य खरंच वाटेल. विटांची भिंत न बांधता पत्र्याच्या चॅनेलची चौकट उभी करतात, तिला दोन्ही बाजूंनी साडेबारा मिलिमीटर जाडीचे जिप्सम बोर्ड स्क्रूने बसवतात आणि सांधे बुजवतात. भिंत एकदोन दिवसांत उभी राहते. म्हणून ऑफिसं, दवाखाने, क्लासेस, शोरूम सगळीकडे आता हीच भिंत दिसते. पण सगळी मेख सांध्यात आहे. सांध्यावर कंपाउंड भरायचं, त्यात कागदी पट्टी दाबून बसवायची, ते वाळू द्यायचं. मग दुसरा थर थोडा रुंद, तो वाळू द्यायचा. मग तिसरा आणखी रुंद, म्हणजे उंचवटा नजरेला कळत नाही. स्क्रूचं डोकं बोर्डाच्या पृष्ठभागाच्या किंचित आत गेलं पाहिजे, पण बोर्डाचा कागद फाटता कामा नये. दाराच्या कोपऱ्याच्या रेषेत सांधा येऊ द्यायचा नाही, कारण दार आपटलं की तडा तिथूनच सुरू होतो.

यातली एखादी पायरी गाळली तरी भिंत त्या दिवशी चांगलीच दिसते. रंग चढल्यावर दोष वर येतो. रंग सगळीकडे सारखा असतो, म्हणून खालचं कमीजास्त उघडं पडतं. भिंतीला लागून दिवा लावला किंवा खिडकीतून तिरपं ऊन आलं की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. पेंटर लांबी भरतो, पॉलिश पेपरने घासतो, तोंडाला रुमाल बांधून ती भुकटी श्वासात घेतो, आणि पुन्हा हात मारतो. या जादा कामाचे पैसे कुणी देत नाही. आणि हलणारा सांधा लांबी धरून ठेवत नाही. पट्टीच नसेल तर तडा आज ना उद्या येणारच.

गेल्या वर्षी फील्डवर्कसाठी मी तमिळनाडूत तिरुविडैमरुदूरला राहिले. कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरवर, मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागून असलेलं हे गाव. मराठी वाचकाला ते ठाऊक असलंच तर तंजावरच्या भोसल्यांमुळे. १७९८ साली इंग्रजांनी अमरसिंहाला गादीवरून काढून दुसऱ्या सरफोजीला बसवलं, तेव्हा अमरसिंह आपला लवाजमा घेऊन याच गावी येऊन राहिला. तंजावरचा मराठी इतिहास आपण राजे, दिवाण आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांच्यापुरता वाचतो. त्या वाड्यांसाठी चुना कुणी मळला, भिंती कुणी घोटल्या, याची ओळ त्यात नसते. मी मात्र तिथे भिंती घोटणाऱ्यांनाच भेटायला गेले होते.

पोंगल जवळ आला होता. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि जानेवारीच्या मध्यावर पोंगल. म्हणजे भिंती सर्वांत ओल्या असतात तेव्हाच सगळ्यांना घर रंगवून हवं असतं. आपल्याकडे पावसाळा संपतो न संपतो तोच दसरा-दिवाळीची घाई सुरू होते, तसंच. दोन्हीकडे पेंटरचा हंगाम आणि भिंतीची ओल एकदमच येतात. सणाची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून भिंतीचं वाळणं गाळलं जातं.

ज्या पेंटरसोबत मी दिवस काढायचे, त्यांना मी अण्णा म्हणायचे. वय पन्नाशीचं, वस्ती गावाबाहेरची. एका नव्या दुकानात जिप्समच्या भिंतीवर ते शेवटचा हात मारत होते. मालकाने दिवे लावले आणि भिंतीवर चार उभ्या रेषा दिसल्या. मालक मेस्त्रीवर ओरडला, मेस्त्री अण्णांवर. अण्णांनी बोट दाखवलं बोर्ड बसवणाऱ्यांकडे. ती बिहारची दोन पोरं होती आणि त्यांना चार दिवसांपूर्वीच दुसऱ्या साइटवर पाठवलं होतं. अण्णा मला म्हणाले, “पाहिलंस ना मा? ही वडक्कन पोरं भिंत बिघडवून जातात, शिव्या मी खातो.” वडक्कन म्हणजे उत्तरेकडचे. तमिळनाडूत हा शब्द सहसा प्रेमाने उच्चारला जात नाही.

त्या पोरांचा नंबर मेस्त्रीकडे होता. अण्णांना हिंदी येत नव्हतं, पोरांना तमिळ येत नव्हतं. मला एक भाषा नीट येत होती, दुसरी मोडकीतोडकी. मी फोन लावला. पलीकडचा पोरगा आधी घाबरला, त्याला वाटलं त्याचेही पैसे कापणार. मग सांगू लागला. सांधे वाळायला त्यांनी तीन दिवस मागितले होते, मिळाला एक. पट्टी अर्ध्यातच संपली, आणून मागितली तर सांगितलं गेलं की आहे त्यात उरका, वरून पेंटर येणारच आहे. त्यांची मजुरी स्क्वेअर फुटावर होती, सांध्याच्या थरांवर नव्हती. थांबलं की रोज बुडणार. तो शेवटी म्हणाला, “दीदी, पेंटर चाचा से कहना, हमने जानबूझकर नहीं किया.”

मी ते अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मलाही हेच सांगितलं होतं. पोंगलच्या आधी दे, बाकीचं मी बघतो.”

मला त्या दुकानात जी गोष्ट दिसली ती पप्पांच्या वेळी दिसली नव्हती. तेव्हा मीही बोर्डवाल्यांनाच दोष दिला होता. इथे दोघांनाही घाई एकाच माणसाने लावली होती. दोघांचाही दर त्यानेच ठरवला होता. चूक मात्र दोन मजुरांमधली झाली. त्या पोराच्या हिंदीत आणि अण्णांच्या तमिळमध्ये एक भिंत होती, आणि ठेकेदाराला ती भिंत रंगवलेल्या भिंतीपेक्षा जास्त उपयोगाची होती.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या त्या न झालेल्या भाषणात हेच मांडलं होतं. जात ही नुसती कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि त्या वाट्यांना वर-खाली अशी उतरंड आहे. समाजशास्त्राच्या वर्गात मी हे वाचलं तेव्हा परीक्षेत लिहिण्यापुरतं समजलं होतं. बांधकामाच्या साइटवर ते डोळ्यांना दिसतं. सुतार पेंटरला आपल्यापेक्षा खालचा मानतो. पेंटर हेल्परला खालचा मानतो. दक्षिणेचा मजूर उत्तरेच्या मजुराला परका मानतो. वरच्याचा राग खालच्यावर निघतो, आणि खालचा आणखी कुणी खालचा शोधतो. दोषही त्याच पायऱ्यांनी उतरत जातो आणि जिथे पायऱ्या संपतात तिथे थांबतो.

कुणी म्हणेल, रंगकामाला कुठे जात आहे, ब्रश कुणीही धरतो. सुतारकी किंवा सोनारकीसारखी ही वंशपरंपरेने बांधलेली कला नाही हे खरं. पण ‘कुणीही’ म्हणजे नेमकं कोण, ते नाक्यावर उभं राहून बघावं. ज्याच्याकडे जमीन नाही, हत्यारांना पैसा नाही, बापजाद्यांचं दुकान नाही, तो ब्रश धरतो. मी पुण्यात आणि कावेरीकाठी जितक्या पेंटरांशी बोलले, त्यांत दलित, मुस्लिम आणि भूमिहीन ओबीसी घरांतले लोकच जास्त भेटले. पप्पांनी रंगवलेल्या कित्येक घरांत त्यांचा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. आता कागदी कप आलेत. कप वेगळा ठेवावा लागत नाही, पण माणूस वेगळा राहतो.

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिराची एक कथा तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली एक ब्राह्मण मेला. ब्रह्महत्येचं पाप राजाच्या मागे लागलं. राजा या देवळात पूर्वेच्या दाराने शिरला, पाप दाराशीच थांबलं. राजा दुसऱ्या दाराने निघून गेला आणि मोकळा झाला. ते पाप अजून पूर्वेच्या दारात बसलं आहे असं मानतात, तिथे त्याची मूर्ती आहे, आणि आजही भाविक आल्या दाराने परत जात नाहीत. अण्णांनी ही कथा मला हसत सांगितली आणि म्हणाले, “मेस्त्रीपण दुसऱ्या दारानेच जातो, मा.”

मी त्यावर पुढे विचार करत राहिले. मेलेला ब्राह्मण होता म्हणून पाप राजाच्याही मागे लागलं. परांचीवरून पडून मजूर मेला तर कुणाच्या मागे काय लागतं? आणि राजाला दुसरं दार होतं. ठेकेदारालाही असतं. पेंटर शेवटी येतो, म्हणून दारात तोच सापडतो.

मग उपाय काय? तो आहे, आणि फार साधा आहे. अमेरिकेत रंगकाम कंत्राटदारांच्या संघटनेने यासाठी लेखी मानकं केली आहेत. पेंटरने काम सुरू करण्याआधी पृष्ठभाग तपासायचा, दिसणारे दोष लेखी कळवायचे. दुसऱ्याच्या कामातले लपलेले दोष त्याच्या माथी नाहीत, आणि ते दुरुस्त करायला सांगितलं तर त्याचे वेगळे पैसे. रंगवलेली भिंत साधारण एक मीटरवरून, नेहमीच्या उजेडात पाहायची, नाक लावून नाही. जिप्सम बोर्डाच्या फिनिशिंगचेही तिथे शून्य ते पाच असे स्तर ठरलेले आहेत. चकचकीत रंग किंवा भिंतीलगत दिवे असतील तर पाचवा स्तर, म्हणजे पूर्ण भिंतीवर पातळ थर, मागायचा असतो. तो कुणी, किती पैशांत करायचा हे आधीच ठरतं. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोचं रंगकामावरचं आयएस २३९५ हे मानक आहे. पण ते इंजिनिअरच्या कपाटात राहतं. पेंटरपर्यंत पोहोचते ती फक्त तारीख.

म्हणजे मुद्दा कागदाचा आहे. जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत होते. सरकारी बांधकाम खात्यातले भट कारकून अक्षर न येणाऱ्या मजुरांना कसे नाडतात, हे त्यांनी जवळून पाहिलं आणि लिहून ठेवलं. दीडशे वर्षांनंतर मजुराच्या हातात स्मार्टफोन आहे, पण नोंद अजून दुसऱ्याच्याच वहीत होते.

सरकारी कागदाचीही तीच गत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा आला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर लागला, त्यातून कल्याण मंडळं चालायची होती. तमिळनाडूत कामगारांनी लढून १९९४ सालीच आपलं मंडळ मिळवलं होतं. महाराष्ट्रात मंडळ उभं राहायला २०११ उजाडलं. पेंटर या कायद्यात बसत होता. पण नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि पाच ठेकेदारांकडे अठरा-अठरा दिवस काम केलेल्या माणसाला तो कोण देणार? देशभर उपकराचे हजारो कोटी रुपये पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सरकारांना सुनावलं होतं. पैसा जमा होतो, कारण त्याची नोंद आहे. माणूस सुटतो, कारण त्याची नोंद नाही.

आता आपल्याबद्दल, म्हणजे घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्यांबद्दल.

आपल्यालाही हा दोष ओळखीचा आहे. मुलाखतीत इंग्रजी अडखळलं की समोरचा म्हणतो, “तुमची तयारी कच्ची आहे.” शाळेत गणिताला शिक्षक नव्हता, हॉस्टेलची यादी वर्ष संपताना लागली, शिष्यवृत्ती परीक्षेनंतर आली, हे त्याला दिसत नाही. त्याला वरचा हात दिसतो आणि तो त्यालाच मेरिट म्हणतो. ज्यांच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या सावलीत, सावकाश, तीन थर देऊन घोटल्या गेल्या, त्यांना रंग कमी लागतो. त्यांचं कौतुक रंगाचं होतं. आपण लांबी भरत राहतो, आणि तडा गेला की आपल्यालाच वाटतं आपला हात कच्चा. मलाही कितीतरी वर्षं वाटत होतं. पप्पांच्या बिलाची गोष्ट समजली तसं ते वाटणं कमी झालं.

पण एवढं समजून थांबलो तर आपली पदवी फक्त आपल्या दुःखाचं वर्णन करायला उपयोगी पडेल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, तेव्हा केंद्रीय बांधकाम खातंही त्यांच्याकडे होतं. त्यांना मजुराचं दुःख ठाऊक होतं, आणि त्यासोबत कलम कसं लिहायचं हेही ठाऊक होतं.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. आपल्यापैकी ज्यांचे वडील, काका, भाऊ या कामात आहेत त्यांनी एक अर्ध्या पानाचा कागद तयार करावा. मराठीत, मोठ्या अक्षरात. तारीख, जागा, खोली. सांध्यावर पट्टी आहे का. स्क्रू वर आलेत का. ओल आहे का. कोपरे सरळ आहेत का. बोर्ड कधी बसवला, किती दिवस वाळला. खाली एकच वाक्य: हे दोष दाखवले आहेत, तरी काम सुरू करायला सांगितलं आहे. सही मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर पहिला हात मारण्याआधी मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरायचा, दिसणाऱ्या सावल्यांचे फोटो काढायचे आणि त्या वाक्यासकट ठेकेदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते.

लगेच सगळं बदलेल असं मी म्हणत नाही. कागद दाखवला म्हणून काम दुसऱ्याला जाईल ही भीती खरी आहे. एकट्याने मागितलं तर जाईलच. म्हणून हा कागद नाक्याने मिळून मागायला हवा, आणि त्या नाक्यात बोर्ड बसवणारी परप्रांतीय पोरंही हवीत. त्यांच्यासाठी हाच कागद हिंदीत करा. त्यांनी मागितलेले तीन दिवसही त्यात नोंदवा. पेंटरला वाचवायला बोर्डवाल्याला दारात बसवणारा कागद आपल्याला नको आहे. दोघांना घाई कुणी लावली, हे ज्यात लिहिलेलं असेल असा हवा.

पोंगलनंतर मी पुण्याला परत आले तेव्हा पप्पांसाठी असा कागद करून आणला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. एक दुरुस्ती सांगितली, “वायरमनने भिंत फोडून नुसती सिमेंटने लिंपली असते, ते पण टाक.” मी टाकलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. पहिल्या ठेकेदाराने सही केली नाही, हसला. पप्पांनी फोटो मात्र पाठवले. त्या कामाचं बिल पूर्ण मिळालं. कागदामुळे मिळालं की भिंत बरी होती म्हणून, ते मला ठाऊक नाही.

आता नाक्यावरच्या आणखी सहाजणांनी तो कागद मागितला आहे. बोर्डवाल्यांसाठी हिंदीतला मी या आठवड्यात पूर्ण करते आहे.

जय भीम.